पाठवणीचा लाईट

आबा, आज दुकानात लग्नाच्या शूटिंगसाठी एक पार्टी येऊन गेली. मुलीचे वडील म्हणाले, "पाठवणी साधीच घ्या, रडारड नको." मी हो म्हटलं, आणि ते गेल्यावर शटर अर्धं ओढून तुम्हाला लिहायला बसलो.

आळेफाट्याला आपला स्टुडिओ होता तेव्हा तुमची एकच पद्धत होती. लग्न लागतं तसं घ्यायचं, कुणाला थांबवायचं नाही, आणि पाठवणी आली की लांबून दोन मिनिटं घेऊन हॅलोजन बंद. "रडत्या माणसाच्या तोंडावर लाईट मारू नये रं," म्हणायचात. पुण्याहून व्हिडिओ मिक्सिंग शिकून आलेल्या तुमच्या या मुलाला ते जुनाट वाटायचं. गिऱ्हाइकं दुसऱ्या शूटिंगवाल्याकडे चालली होती. तो नवरीचे अश्रू स्लो मोशनमध्ये, गाण्यावर द्यायचा. दुकान बुडेल या धास्तीनं मी रोज तुमच्याशी भांडायचो. शेवटी पेठ गावच्या एका लग्नात तुम्ही कॅमेरा माझ्या हातात दिलात आणि स्वतः लाईट धरलात.

दिवस मावळलेला. नवरी आईच्या गळ्यात पडली आणि नेमकी तेव्हाच माझी कॅसेट संपली. नवी घालून मी म्हणालो, "मावशी, परत एकदा जवळ घ्या, मघाचं आलं नाही." नवरी पुन्हा आली, पण आईला रडूच येईना. ती माझ्याकडे बघते आहे, पदर डोळ्यांशी नेते आहे, काही होत नाही. मी म्हणतो, "अजून एकदा." वऱ्हाडातलं कुणी हसतं. नवऱ्या मुलाची आत्या म्हणते, "लेक चालली तरी डोळ्याला पाणी न्हाई, लई घट्ट काळजाची बाई!" त्या माउलीचा चेहरा पांढराफटक पडला. आणि तुम्ही हॅलोजनची वायर उपटलीत.

"ओ भाऊ, लाईट का घालवला?" नवरदेवाचा भाऊ अंगावर आला. "आमी शूटिंग सांगितलंय."

"लग्नाचं सांगितलंय," तुम्ही म्हणालात, "ह्या बाईच्या परीक्षेचं नाय."

मी तुमच्या बाजूनं बोलायला हवं होतं. मी तुमच्या हातातली वायर घेतली आणि परत बोर्डात खुपसली. तुम्ही अडवलं नाहीत, जीपमध्ये जाऊन बसलात. उजेड पडताच त्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तेच मी रडणं म्हणून घेतलं, वर गाणं टाकलं. ती कॅसेट बघून पुढच्या सीझनला माझ्याकडे तारखा उरल्या नाहीत.

तुम्ही मात्र पुन्हा लग्नाला आला नाहीत. दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढत राहिलात. कुणी विचारलं, "आबा का येत न्हाईत?" की मी सांगायचो, डोळ्यांना कमी दिसतं आता. तुम्ही गेल्यावरही हेच सांगत आलो, घरातसुद्धा. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून इथे खरं लिहितो. तुमचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते. लग्नाचं शूटिंग असेल त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच दुकानात यायचात, आबा. मला तुमच्यासमोर कॅमेरा धरायची लाज वाटायची, म्हणून मी एकदाही "चला" म्हटलं नाही.