हट्टी तारेला ओरडले त्याची गोष्ट

नॅशव्हिल, सोमवार

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोकला जवळजवळ गेलाय. बाबांचा गुडघा कसा आहे?

परवा रेडिओच्या विनोदी गाण्यांच्या कार्यक्रमासाठी माझी चाचणी झाली. मॅनेजर टॉलिव्हर म्हणाले, "पोरी, डोंगरातली ना तू? मग बूट काढ, एक दात काळा कर. लोक आपोआप हसतील."

"आमच्याकडे दात घासतात, साहेब. मी बूट घालूनच हसवते."

"बरं, हसवून दाखव."

मी बँजो काढला, पण त्याची एक तार काही केल्या सुरात लागेना. शेवटी तू कोंबड्यांवर ओरडतेस तशी मी तिच्यावर ओरडले, "अगं भवाने, सगळ्या बहिणी कधीच्या येऊन बसल्या, तुझाच नट्टापट्टा संपेना!"

स्टुडिओतले सगळे पोट धरून हसले. आणि हसले ते तारेला, आपल्या डोंगरातल्या माणसांना नाही. आता दर शनिवारी कार्यक्रमात मी आहे.

पदवी घेऊन हेच करायचं होतं का, असं बाबा विचारतील. आपल्या माणसांची टर न उडवता हसवता येतं, हे कुणीतरी दाखवायलाच हवं ना? गावच्या शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीला मी आज नकार कळवला.

तुला राग येईल. आला तर पत्रात अगदी सविस्तर रागव, शनिवारी मला उपयोगी पडेल.

तुझीच,
ओर्लीना