रिकामं वजन बाकी

४ नोव्हेंबर १९९७, श्रीगोंद्याजवळ

कॉम्प्युटरपुढे बसून पोट भरणाऱ्यांनो, ऐन कामात पडद्यावर उडी मारणाऱ्या त्या चौकटीनं तुमचाही जीव नकोसा केला असेल. ‘नवी आवृत्ती भरा.’ भरेपर्यंत हलणार नाही! तिला माणुसकी शिकवायला मी पुण्याहून या साखर कारखान्यावर आलोय. वजनकाट्यावरच्या विजयमालाबाईंनी आल्या आल्या गूळ-शेंगदाणे दिले. झकास जागा.

९ नोव्हेंबर

माझी सूचना पडद्याच्या तळाशी, एका ओळीत, काटा मोकळा असतानाच येईल. बटणं दोन: आता, नंतर. कुणाचं काम अडणार नाही.

बाई म्हणाल्या, “जुनी चौकट आली की काटाच अडायचा. गेल्या हंगामात भिमाजी गाडीवान भरल्या गाडीनिशी काट्यावर अडकला. मागचे ट्रकवाले शिव्या घालत रेटत आले. त्यो बैल धराया उतरला, अन् चेंगरला.” ती चौकट कॉम्प्युटर विभागाच्या सूर्यभानसाहेबाची. त्यानं ‘बैल बुजले’ असं लिहून हात झटकले. भिमाजीची बायको रंगुबाई अजून बैलांनाच शिव्याशाप देते.

मी टेबलावर मूठ आपटून बाईंना म्हणालो, या सूर्यभानला भरसभेत उघडा पाडीन! एवढा हंगाम संपू दे.

१५ नोव्हेंबर

ऊस उतरवून गाडी परत काट्यावर येते, रिकामं वजन होतं, तेव्हा खेप पुरी होते. भिमाजीची झालीच नाही.

आज भरदुपारी, काटा मोकळा असताना, माझ्या ओळीच्या जागी उमटलं: ‘भिमाजी. रिकामं वजन बाकी. आता / नंतर.’ हे मी लिहिलेलं नाही.

सूर्यभान हसला. मेलेल्याला कसली घाई, म्हणाला, आणि त्यानं ‘नंतर’ दाबलं.

१६ नोव्हेंबर

सूर्यभान काट्यावर सापडला. छाती चेपलेली. आसपास एकही गाडी नाही. बाई नुसत्या पडद्याकडे बोट दाखवत होत्या. देह काट्यावर, आणि आकडा शून्य.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? भोगलं त्यानं.

१८ नोव्हेंबर

ओळ पुन्हा आली. या वेळी माझं नाव. ‘रिकामं वजन बाकी.’

बाई हळूच म्हणाल्या, “साहेब, तुमीबी नंतरच म्हनला हुता.”

बटण एकच — आता.

१९ नोव्हेंबर

वायर उपटली. पडदा चालूच — बाहेर घुंगरं — काट्यावर काही नाही, पण आकडा चढतोय — पाय तिकडेच —

वाचणाऱ्यांनो, हंगाम संपायची वाट बघू नका. आजच्या आज रंगुबाईंच्या दारात जा आणि सांगा, बैल बुजले नव्हते, चौक—