एक्केचाळिसावं पान

३ मार्च

जिंकलो! हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचं कंत्राट आमच्या अशिलाला. पहिला नंबर एका छोट्या लॉन्ड्रीचा होता, तिची निविदा बाद. का? तर एक्केचाळिसावं पान नाही. फाईल तपासायला मीच गेले होते. पानं मीच मोजली, तसं सहीनिशी लिहूनही मीच दिलं. मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हे आमचं भिंग!" ऑफिसात मला भिंगच म्हणतात. आवडतं मला, खोटं कशाला बोलू?

करारावर सही चौदा तारखेला. तोवर लॉन्ड्रीने हरकत घेतली तरच काही, नाहीतर विषय संपला.

५ मार्च

लॉन्ड्रीच्या फाईलच्या नकला घ्यायला पुन्हा हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. कारकून चहाला गेलेला. बोट ओलं करून पान उलटलं — आणि चाळिसावं पान सालीसारखं सुटलं. एकाची दोन पानं झाली! स्टॅम्पचा डिंक बाहेर येऊन चिकटली होती. आत एक्केचाळिसावं. सही, शिक्का, तारीख — सगळं जागच्या जागी.

मी काय केलं? इकडेतिकडे पाहिलं. पान पुन्हा दाबून बसवलं. तळहाताने, चांगलं घासून. मग कारकून आला, त्याच्याशी उन्हाबद्दल बोलले.

लाज वाटते. लिहितानासुद्धा.

६ मार्च

काही लिहायचं नाही.

८ मार्च

आईचा फोन. माझ्या विजयाची बातमी तिने अख्ख्या सोसायटीत पसरवलीय. "बरं" म्हटलं.

जेवताना नवऱ्याला आडून विचारलं — समज, आमच्यातल्या एकाच्या हातून असं असं झालं. तो म्हणाला, "मग सांगून का नाही टाकत?"

"नोकरी जाईल."

"मग गप्प बसू दे त्याला." आणि भाजी वाढून घेतली. कोण ते विचारलं नाही. बहुतेक कळलं असावं.

११ मार्च

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, ती फाईल पुन्हा एकदा बघू या का?"

"बाद म्हणजे बाद. आता काय उकरून काढायचंय?"

"काही नाही, सर." शेपूट घालून बाहेर आले. कबुलीपत्राचा मसुदा तीनदा केला, तीनदा पुसला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते आहे, आणि स्वतःची एक लिहिता येत नाही!

१३ मार्च

लॉन्ड्रीवाल्या बाई ऑफिसात आल्या. वेळ न घेता. पन्नाशीच्या, हात पाण्याने पांढरे पडलेले. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं!

"मॅडम, चूक आमचीच. तेवढं काळ्या यादीत टाकायला लावू नका. पानं माझ्या धाकट्या दिराने लावली होती. सगळी लावली म्हणून शपथा घेत होता. मी ऐकलं नाही. वकीलबाई खोटं कशाला लिहितील, म्हटलं. कामावरून काढलं त्याला. घरातूनही."

मी दार लावलं आणि सांगितलं. सगळं. हरकत घ्यायला उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, मीही लिहून देईन, हेही.

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "तुमचा फोन द्या. माझा फोन दीर उचलत नाही."