एअरबॉक्स बसवण्याआधी

प्रिय फोरमनबाई,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळं ठीक आहे. तुझी आई धडधाकट आहे आणि मी दोन्ही वेळ पोटभर जेवतो. बाबांना पत्राचं हे काय नवीन खूळ, असं तुला वाटेल. वाटू दे. मागच्या रविवारी तू फोनवर जे म्हणालीस ते आईने मला सांगितलं. यापुढे बाबांना फोन द्यायचा आग्रह करू नकोस, त्यांना माझ्याशी बोलायचं नाही हे मला कळलंय, असं काहीतरी. तू तिकडची नोकरी कायमची धरलीस, परत येऊन दुकानात बसणार नाही म्हणालीस, आणि थोड्याच दिवसांत मी औषधांचं दुकान तुझ्या काकाच्या हवाली केलं. त्यावरून बाबा रुसलेत, असा अर्थ तू काढलास. अर्थ चुकलाय, पोरी. तू येणार नाहीस हे ऐकून मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण ते वाईट वाटणं चार दिवसांत सरलं आणि त्यानंतर मला तुझा अभिमानच वाटत आलाय. मग फोनवर का येत नाही, ते सांगतो. पण तू मला ओळखतेस, मला आधी गाडीबद्दल बोलावं लागतं.

तर आपली इंग्लिश म्हातारी, ती जुनी मोटारसायकल. तू शाळेत असताना ती खोक्यांमध्ये भरून घरात आली, तेव्हा भंगारवाला उलट्या दिशेने कधीपासून यायला लागला, असं तुझ्या आईने विचारलं होतं. तिचं इंजिन तू जायच्या आधी चालू झालं होतं. जुने झालेले सायलेन्सर बदलून एअरबॉक्स पुन्हा नीट बसवायचा तेवढा राहिला होता, म्हणजे धूर बाहेर जायची वाट आणि हवा आत यायची. दुकानातून सुटल्यावर मी तेच हाती घेतलं. गुडघे दुखतात म्हणून दुकान सोडलं असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि दिवसभर गाडीपाशी उकिडवा बसून होतो. आई येता-जाता माझ्या गुडघ्यांकडे बघून जायची.

इंजिनातून धूर नेणारे नवे बेंड पाइप आले ते इतके चकचकीत की त्यात मी दाढी करावी. जुन्या गाडीवर नवा पाइप कधी मुकाट्याने बसत नाही, हे तुला सांगायला नको. पहिल्या खेपेला मी घाई करून मागचा नट आधी आवळला होता आणि मग पुढे पाइप इंजिनच्या तोंडाला लागेना. तू पालथ्या बादलीवर बसून मला झापलं होतंस. सगळे नट आधी सैल ठेवायचे, पाइप हलवून हलवून त्याला त्याची जागा सापडू द्यायची, आणि मग इंजिनकडून मागे एकेक आवळत यायचं. तू फोरमन झालीस ती त्या दिवशी. या वेळी मी तसंच केलं. बादली रिकामी होती, तरी तिच्याकडे बघून विचारत होतो की आता आवळू का.

एअरबॉक्सने मात्र रडवलं. चौकटीच्या नळ्या आणि बॅटरी यांच्या बेचक्यात तो पत्र्याचा डबा एकाच तिरक्या कोनातून शिरतो. अरुंद जिन्यावरून कपाट चढवताना जसं सगळं घर दमतं, तसं झालं माझं. डबा शिरला, पण त्याचे दोन रबरी गळे दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडांवर चढेनात. पूर्वी ते काम तुझ्या चिमुकल्या हाताचं होतं. माझा पंजा त्या फटीत जातोय कसला? शेवटी आईला बोलावलं. तिने साबणाचं पाणी लावलं, दोन बोटं आत घातली आणि रबर पटकन जागेवर बसवलं. मग बादलीवर बसून म्हणाली की जुन्या फोरमनची बदली झालीय, आता तिची नेमणूक पक्की करा. आम्ही दोघं खूप हसलो. किती दिवसांनी हसलो असू.

आता चूक सांगतो. एअरबॉक्स बसवण्याआधी आपण काय करायचो, आठवतंय ना? एकदा तो बसला की कार्ब्युरेटरची तोंडं झाकली जातात, म्हणून आधी दोन्ही कार्ब्युरेटरचा श्वास, म्हणजे दोन्ही सिलिंडरना जाणारी हवा, सारखा करून घ्यायचा. इंजिन हळू चालू ठेवायचं, रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं आणि आत जाणाऱ्या हवेची सूं-सूं ऐकायची. डावीकडे ऐकायची, उजवीकडे ऐकायची, आणि दोन्ही सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. आधी मी ऐकायचो, मग तू. दोघांनी मान हलवल्याशिवाय काम झालं असं म्हणायचं नाही, हा आपल्या घरचा कायदा होता. कितीदा तरी मी मान हलवली आणि तू हलवली नाहीस. तुझा कान माझ्यापेक्षा तिखट होता आणि मला त्याचं फार कौतुक होतं.

या वेळी मी एकट्यानेच ऐकलं. डावीकडे नळी धरली, उजवीकडे धरली. पहिल्या झटक्यात दोन्ही बाजू अगदी सारख्या. इतकं सोपं कधी झालं नव्हतं, मी तर खूशच झालो. मान हलवली आणि वर सांगितलं तसा एअरबॉक्स चढवला. मग आईला थाटात बाहेर बोलावलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली. मी आईकडे बघितलं, तर तिचा चेहरा उतरलेला. ती गाडीकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी खाली पाहिलं. डाव्या पाइपचा चकचकीतपणा इंजिनजवळ निळा पडत चालला होता. सगळं ओझं एकटा डावा सिलिंडर ओढत होता, तो तापून लाल व्हायच्या बेतात होता, आणि उजवा नुसता सोबतीला. आईने पुढे होऊन चावी बंद केली. नंतर तिने पाटीवर लिहावं तसं, सावकाश, माझ्यासमोर तोंड करून सांगितलं की गाडी केव्हाची लंगडत होती, स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येत होतं.

दोन्ही बाजू सारख्या होत्या, पोरी, कारण मला दोन्हीकडे काहीच ऐकू आलं नव्हतं.

हे आज झालेलं नाही. दुकानात गिऱ्हाईक दोनदा सांगायचं आणि मी तिसऱ्यांदा विचारायचो. औषधाच्या बाबतीत अंदाज चालत नाही, म्हणून काकाला बसवलं. तुझ्यावर रागावून नाही. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलंय, त्याने समोर बसलेल्या माणसाचं बोलणं बरंचसं कळतं, पण फोनवर तुझा आवाज म्हणजे नुसती घरघर येते. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी हो-हो करत राहिलो. तू काहीतरी विचारत होतीस, बहुधा परत-परत विचारत होतीस, आणि मला ते कळत नव्हतं. ते मला सहन झालं नाही. तेव्हापासून फोन वाजला की मी आईकडे सरकवतो आणि अंगणात जातो. तुला सांगितलं तर तू तिथलं सगळं टाकून धावत येशील, ही भीती होती. आईला मी गप्प राहायची शपथ घातली होती. रविवारी तुझा फोन झाल्यावर, आता ती शपथ आपण पाळणार नाही, असं तिने मला बजावलं. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “तिला बहिरा बाप चालेल. रुसलेला चालणार नाही.”

म्हणून हे पत्र. एअरबॉक्स पुन्हा काढून ठेवलाय. रबरी गळे धुऊन पुसून फडक्यात गुंडाळलेत, आणि पाइपचे सगळे नट सैल आहेत. नोकरी सोडून मुळीच यायचं नाही, सांगून ठेवतो. पण सुट्टीत ये. किक मी मारीन, स्क्रूही मीच फिरवीन. नळी तू कानाला लाव. मी आता ऐकणार नाही, तुझ्या तोंडाकडे बघत बसेन. तू मान हलवलीस की मी हलवीन.

तुझाच, मुळीच न रुसलेला,
बाबा