जाड ठशातलं नाव

१४ सप्टेंबर, शनिवार

परत भांडण! ग्रिसेल फोनवर इतक्या जोरात बोलत होती की मोंतेविदेओहून तिला फोनची गरजच नव्हती. "आई, डॉक्टरांचा दाखला मिळालाय. बाबांवर आता मतदानाची सक्ती नाही. कशाला त्यांना रांगेत उभं करतेस?"

बघू, म्हटलं. लेक राजधानीत राहून शहाणी झालीय. दाखला मी स्वयंपाकघरातल्या खणात टाकलाय, बटाटे सोलायच्या सुऱ्यांखाली. राहू दे तिथेच.

मला एवढंच हवंय — एबेरने यंदा मत द्यावं आणि ते मोजलं जावं. पुढची निवडणूक पाच वर्षांनी. तेव्हा तो असेलही, पण त्याच्यातलं किती उरलं असेल? आज सकाळीच मला विचारलं, "बाई, तुम्ही कामाला रोज किती वाजता येता?"

सहाला, म्हटलं. बावन्न वर्षं झाली लग्नाला.

२२ सप्टेंबर, रविवार

रविवारच्या बाजारात टेबल मांडलं. आमच्या पक्षाची समिती म्हणजे सात म्हातारे. सात जणांचे गुडघे चौदा, त्यातले धड पाच! शेजारी नेहमीप्रमाणे अमिल्कार खाटकाच्या पक्षाचं टेबल — छत्री मोठी, कर्णा मोठा, पोट मोठं.

"वहिनी, तुमची डॉक्टरीणबाई बाई म्हणून चांगली आहे हो. पण राष्ट्राध्यक्ष? मत कोण देणार तिला? तुम्ही आणि तुमचं मांजर?"

"मांजर फितूर झालं," मी म्हटलं. "तुझ्या दुकानाच्या दारात पडलेलं असतं ना!"

पोट धरून हसला. मग नेहमीसारखंच — माते नावाच्या कडू चहाचा तुंबा त्याचा, थर्मासातलं गरम पाणी माझं, आणि एकच नळी दोन्ही पक्षांत फिरतेय.

एबेरला खुर्ची दिली होती. कागद हातात आला की तो पुन्हा छापखानेवाला होतो. उमेदवारांच्या छापील याद्यांचा गठ्ठा टेबलावर आपटून कडा सारख्या करतो, अंगठ्याने फुलवतो, एकेक यादी सोडवून देतो. क्रमांक २३८, मत म्हणून पाकिटात घालायची ती हीच यादी. आमचा क्रमांक कधी बदलला नाही. माणसं यादी घेत होती, पुढच्या वळणावर टाकत होती. मी दोनदा जाऊन गोळा करून आणल्या. त्याला दिसू नयेत म्हणून.

३० सप्टेंबर, सोमवार

आज त्याने मध्येच विचारलं, "जाड ठसे कोणी नेले?" आणि सगळं आठवलं.

चौऱ्याऐंशी साल. लष्कराची राजवट सरत होती, बारा-तेरा वर्षांनी पहिली निवडणूक. यादी एबेरच्या छापखान्यात छापली. माझंही नाव होतं त्यात! जिल्हा मंडळाच्या बदली उमेदवारांत, अगदी तळाला. जागा उरली होती म्हणून घातलेलं. आणि या माणसाने काय करावं? सगळी नावं बारीक ठशात आणि माझं एकटीचं जाड ठशात!

समितीचे चिटणीस पेटले. "तळाची बाई नेत्यापेक्षा मोठी दिसतेय!" एबेर थंडपणे म्हणाला, "बारीक ठसे संपले होते." धादांत खोटं. खण भरलेले मी स्वतः पाहिले होते. पण पुन्हा छापायला वेळ नव्हता, पाच हजार याद्या तशाच गेल्या. मी अर्थातच पडले.

मला लाज वाटली होती तेव्हा. आठवडाभर बोलले नाही त्याच्याशी. पुढे नदीला पूर आला आणि छापखाना, ठसे, कागद, सगळं घेऊन गेला. एकही प्रत राहिली नाही. आज एखादी असती तर त्याच्यापुढे धरली असती — बघ, ही मी.

६ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई आमच्या पायसान्दूत येऊन गेल्या. पाऊस. ऐंशी माणसं, त्यातली बरीच आडोशाला आलेली. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "थकू नका." थकलेय हो, बाई.

१३ ऑक्टोबर, रविवार

रंगीत तालीम केली. पावाचा डबा म्हणजे मतपेटी. पाकीट घ्यायचं, खोलीत जायचं, खिशातली यादी आत घालायची, बाहेर येऊन पेटीत टाकायचं. तीनदा केलं, तिन्ही वेळा बरोबर! मला काय आनंद झाला. ग्रिसेलला फोन लावणार होते.

तेवढ्यात मलाच विचारलं, "झुल्मा कुठेय?"

"बाहेर गेलीय. याद्या वाटायला."

"नेहमी उशीर करते. मी थांबतो जेवायला."

आणि खरंच थांबला! मिलानेसाचे तळलेले मांसाचे काप ताटात गार झाले, घासाला हात लावेना. शेवटी मी मागच्या दाराने बाहेर पडले, कोट चढवला, पुढच्या दाराने आत आले. "आले रे!" म्हटलं, पूर्वीसारखं.

उठून उभा राहिला. अदबीने. "बसा ना. झुल्मा येईलच एवढ्यात."

कोट घालूनच बसले. दोघंही उपाशी झोपलो.

२० ऑक्टोबर, रविवार

पक्षातर्फे मतमोजणीला मी. शाळेतलं मतदानाचं टेबल, एबेरचं नाव ज्या मतदारयादीत आहे तेच. मागूनच घेतलं. नियम आम्हाला पुन्हा वाचून दाखवले — फाटकी यादी बाद, खाडाखोड केलेली बाद, जुन्या निवडणुकीतली बाद, यादीबरोबर दुसरं काही निघालं तरी बाद. पाठ आहे मला. चाळीस वर्षं हेच करतेय.

संध्याकाळी ग्रिसेल. "बाबा आत एकटे गोंधळले तर? तू मत त्यांच्यासाठी मागतेस की स्वतःसाठी?"

फोन आपटला. कारण तिचं खरं आहे. मला तो पूर्वीचा एबेर हवाय — मत देणारा, माझ्याशी वाद घालणारा, खोटं बोलून ठसे बदलणारा. एक दिवस का होईना.

२७ ऑक्टोबर, रविवार — मतदान

जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या पायरीवर बसून लिहितेय.

सकाळी त्याची दाढी केली. पांढरा सदरा. खिशात नवी यादी, नीट घडी घालून. मतदार कार्डाचं ते जुनं चामडी पाकीट त्याने उशीखालून स्वतःच काढलं. मला कधीच हात लावू देत नाही त्याला. आजही नाही. "ते माझं आहे, बाई."

टेबलावरच्या अध्यक्ष म्हणजे बँकेतली एक तरुण मुलगी. तिने चामडी पाकिटातून कार्ड काढून ठेवून घेतलं, पाकीट त्याला परत दिलं, मतदानाचं पाकीट दिलं. एबेर खोलीत गेला. दार बंद.

चार मिनिटं. सात. रांग कुरकुरायला लागली. अमिल्कार त्याच्या पक्षातर्फे माझ्या शेजारीच बसलाय. "वहिनी, आत मुद्रितं तपासतोय तो." हसले, पण डोळा घड्याळावर. अकरा मिनिटं!

मग दार उघडलं. मान ताठ. सरळ आला, पाकीट पेटीत टाकलं, पेटीवर दोनदा थाप मारली — छापून झालेल्या गठ्ठ्यावर मारायचा तशी! मला तिथेच रडू आलं. दिलं! त्याने मत दिलं!

२७ ऑक्टोबर, घरी आल्यावर

हरलो. दुसऱ्या फेरीतही पोचलो नाही. आमच्या टेबलावर एकोणीस मतं.

आणि एक बाद. आज लिहवत नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

लिहिते.

ती बँकेतली मुलगी एकेक पाकीट फोडत होती. एकातून पिवळा कागद निघाला. घड्या कापडासारख्या मऊ झालेल्या. "क्रमांक २३८... पण ही यंदाची नाही. अगं बाई, चौऱ्याऐंशीची!" सगळे वाकले. तिने तळापर्यंत वाचत नेलं आणि थांबली. "झुल्मा बिदेगाइन." मग माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं. त्यावरही तेच.

जाड ठशात.

मग अमिल्कार हळूच म्हणाला, "माझा चष्मा घरी राहिलाय. क्रमांक तर तुमचाच दिसतोय, वहिनी. धरा तुमच्यात. माझी हरकत नाही." चष्मा त्याच्या नाकावर होता. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या तो माणूस!

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द बोलले असते तर मोजलं गेलं असतं. एवढंच तर हवं होतं मला. पण नियम मला पाठ आहेत, आणि एबेरलाही होते. असली मेहेरबानी त्याने घेतली नसती. मीच म्हटलं, "बाद."

शिक्का मारण्याआधी मिनिटभर हातात मागितली. नावावरून अंगठा फिरवला. ठसे कागदात रुतलेले अजून लागतात. पूर आला त्या दिवशी तो फक्त ते चामडी पाकीट खिशात कोंबून गच्चीवर चढला होता. मी ओरडले होते, "घर वाहून चाललंय आणि तू मतदार कार्ड वाचवतोस?"

नवी यादी त्याच्या सदऱ्याच्या खिशात आहे. घडीसुद्धा मोडलेली नाही.

ग्रिसेलला फोन केला. सांगितलं. ती रडत राहिली, आणि मीही.

३० ऑक्टोबर

सकाळी मातेचा तुंबा हातात दिला. एबेर म्हणाला, "बाई, आमची झुल्मा निवडून आली का हो?"

"नाही. एकच मत पडलं."

हसला. किती महिन्यांनी!

"ते माझं," म्हणाला.