उतारावरचं अंहं

प्रिय सुमन,

पत्र लिहिणं माझ्या स्वभावात नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तू डी.एड.ला होतीस तेव्हा मी एकच पोस्टकार्ड टाकलं होतं. 'इकडे सर्व ठीक. पाऊस बरा आहे.' एवढंच. ते तू मला आयुष्यभर ऐकवलंस. भांडण झालं की म्हणायचीस, जाऊ दे, पाऊस बरा आहे.

आज मात्र लिहायला बसलोय. दुपारी खोडाळ्याहून गाडी घेऊन आलो, अंगणात लावली आणि दारातूनच ओरडलो, "अगं, जमलं!" आत कोण होतं ऐकायला? शेजारची मांजर ओट्यावरून उठली आणि निघून गेली. मग ते 'जमलं' घेऊन मी बराच वेळ तसाच दारात उभा राहिलो. कुठंतरी ते ठेवायला हवं ना? म्हणून हा कागद.

आठवतं, ती गाडी ट्रकवरून उतरवली तेव्हा तू पडवीत उभी होतीस? जुनी जपानी गाडी, मुंबईच्या गॅरेजवाल्यानं वैतागून काढून टाकलेली. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत. फक्त गिअर कधी बदलायचा हे ठरवणारा तिचा कॉम्प्युटर पाणी शिरून जळलेला, आणि तसा दुसरा कुठं मिळत नव्हता. तू तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." मी म्हटलं, या घोड्याला क्लच नाही. त्यावर तू पदराला हात पुसत गाडीभोवती एक चक्कर मारलीस.

क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. पोलिओनं लहानपणीच बारीक केलेला तुझा तो पाय! रोज खोडाळ्याच्या शाळेत जायला तू काशिनाथची जीप धरायचीस आणि मागच्या पायरीशी पोचलीस की कुणी ना कुणी म्हणायचं, बाईंना हात द्या रे. माणसं भली होती, कुणी वाईट नव्हतं. पण घरी आल्यावर तू चपला काढता काढता चिडायचीस. मला हात नको, थोडा वेळ द्या, एवढं कळत नाही का कुणाला? शाळेच्या फाटकाशी आपली आपण उतरायचं, एवढंच तुला हवं होतं. दुसरं तू माझ्याकडे कधी काही मागितलंस? मला तरी आठवत नाही.

आणि ते करणार कोण, तर मी! रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस, ज्याला साधी लुना नीट चालवता येत नव्हती. उंटावरून शेळ्या हाकण्यात माझा हात कोण धरणार? गिअरबॉक्सच्या पोटात विजेवर उघडझाप करणारे दोन वॉल्व्ह आहेत, हे मी तुला ताटातल्या दोन वाट्या मांडून समजावलं होतं. एकीला वीज दिली की पहिला गिअर. दोघींना दिली की दुसरा. पहिलीची काढली की तिसरा, आणि दोघींचीही काढली की चौथा. तू लगेच म्हणालीस, म्हणजे लाइट गेली की गाडी टॉपमध्ये? मग आपल्या जव्हारात ही कायम चौथ्यातच असणार. त्या दिवशी आमटी निवली, पण तुला गिअरबॉक्स कळला.

जळलेल्या कॉम्प्युटरच्या जागी चिप घालून नवा डबा करायचं काम पुढं होतं. आधी मी जुन्या टीव्हीचा चॅनेल बदलायचा खटका काढून त्यालाच वायरी जोडल्या. खटका एकवर, पहिला गिअर, दोनवर, दुसरा. रविवारी जामसरच्या रस्त्याला आपण निघायचो. तू स्टिअरिंगवर, मी शेजारी खटका मांडीवर घेऊन. गाडी ऑटोमॅटिक होती खरी, पण तिच्यातलं ऑटोमॅटिक मी होतो!

मी मीटरकडे बघून गिअर बदलायचो आणि गाडी धक्का खायची. तू मीटरकडे बघायचीसच नाहीस. पाठीला सीट कशी लागते त्यावरून तुला कळायचं. मग तूच सांगायला लागलीस. वर्गात पोराचं उत्तर बरोबर आलं की म्हणायचीस ना, तसंच. "हं." की मी खटका फिरवायचा. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची. आणि मी उगाच घाई केली की, "अंहं."

उतारावर तर तुझं अंहं फार. पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला, इंजिन हलकं झालं, की मला वाटायचं आता वरचा गिअर. तू मान हलवायचीस. इतकी वर्षं काशिनाथच्या जीपमध्ये बसून तू त्याचं ऐकलं होतंस. नव्या पोरांना तो ओरडून सांगायचा, "जे गेरान चढली, तेच गेरान उतरव. नाय त बिरेक जळल." मला हे कोण सांगणार? मी जीपमध्ये नेहमी झोपायचो.

मग चिप आली आणि तुझं हं तिच्यात घालायचं काम सुरू झालं. तू हं म्हटलंस की मी मीटरच्या काचेवर पेनानं ठिपका द्यायचो. पाय हलका असला की ठिपका अलीकडे, चढावर जोर लावलेला असला की पलीकडे. ते ठिपके बघून मी प्रोग्रॅम लिहिला. चढाचं सगळं झालं. उतार पावसाळ्यानंतर बघू, असं ठरलं.

त्याच सुमाराला तू एकदा म्हणालीस, "हे डबडं झालं की तुम्ही घरी बसा. मी जाईन आणि आल्यावर सगळं सांगेन." किती खुशीत होतीस! मला जरासं लागलं, आज सांगायला हरकत नाही. मी वाकून सोल्डर करत होतो, वर पाहिलंच नाही. पण मनात म्हटलं, बरोबर आहे. त्याचसाठी तर हा खटाटोप. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून तुझी गाडी वळणावर दिसते का बघायचं, चहा टाकायचा, मग तू सांगशील कुठं बैल आडवा आला आणि कुठल्या पोरानं हॉर्न वाजवून मागितला.

मग तुझा ताप. साधा ताप म्हणत म्हणत नाशिकला नेईपर्यंत तू बोलायची थांबलीस. थांबायचंस ना गं! उतार राहिला होता आपला. अर्धं काम टाकून कधी वर्गाबाहेर पडली नाहीस आणि इथंच कशी निघालीस?

घर फार मोठं झालंय. तसं ते दोनच खोल्यांचं, तुला माहीतच आहे. भात अजून जास्तच होतो, हात ऐकत नाही. दुकानात दुरुस्त झालेला एखादा टीव्ही मी उगाच चालू ठेवतो. गिऱ्हाईक विचारतं, झाला का? मी म्हणतो, जरा तपासतोय, उद्या न्या. माणसं येतात, दोन शब्द बोलतात, वस्तू घेऊन जातात. तुझ्या शाळेतल्या बाई सुरुवातीला यायच्या. आता त्यांचंही येणं होत नाही, आणि का यावं त्यांनी?

गाडी ताडपत्रीखाली तशीच होती. विकून टाक, सगळे म्हणाले. पण डबा पुरा झाला नव्हता, आणि अर्धवट सर्किट मला झोपू देत नाही, हे काही नवीन नाही. चालवून बघायला काशिनाथला बोलावलं. इतक्या वर्षांचा मुरलेला ड्रायव्हर, पण दर वेळी सवयीनं त्याचा डावा पाय क्लच दाबायला जायचा आणि ब्रेकवर पडायचा. गाडी जागच्या जागी गचकन थांबायची, आम्ही दोघं काचेकडे. दोन वेळा झाल्यावर त्यानं मला विचारलं, "भाऊ, हिला किलच नाय, त मी या पायाचं करू काय?" मी त्याचा डावा पाय टॉवेलनं सीटला बांधला. दोघंही हसत होतो. मग एकदम कळलं की ही गाडी पहिल्या दिवसापासून बिनचूक चालवणारं आख्ख्या तालुक्यात एकच माणूस होतं. मग मला हसता येईना. काशिनाथनं आपला टॉवेल सोडला आणि मला घरी सोडलं.

शेवटी मीच शिकलो. हो, मी! या वयात लायसन्स काढलं. माझ्या डाव्या पायाला कसलीच सवय नव्हती, ते एक बरं झालं.

आणि आज एकटा गेलो. मोखाड्याच्या चढाला डबा एकदाही चुकला नाही. टक्, दुसरा. टक्, तिसरा. जिथं जिथं तू हं म्हटलं असतंस, बरोबर तिथंच. मी वाट बघायचो आणि ते यायचं. फक्त आवाज तुझा नव्हता. कसं वाटलं म्हणून सांगू? आनंद झाला, आणि इतकं एकटं मला तू गेलीस त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी गाडी लावली. माझा मीच उतरलो. शाळेला सुट्टी होती, कुणी नव्हतं. थोडा वेळ थांबून परत फिरलो.

येताना उतार लागला. मी पाय उचलला, आणि डब्यानं काय करावं? टक् करून वरचा गिअर टाकला! गाडी मोकाट सुटली. त्या बिचाऱ्याला फक्त हं शिकवलेलं. खालच्या वळणावर लाकडाच्या मोळ्या घेऊन बायका चाललेल्या. आणि मी मोठ्यानं म्हटलं, "अंहं." हात आपसूक जुन्या खटक्यावर गेला, तो मी काढला नव्हता, तो फिरवला की डब्याचं काही चालत नाही, आणि गाडी दुसऱ्यात आली, गुरगुरत हळू झाली. बायका बाजूला झाल्या, एकीनं हात केला. पुढचा आख्खा उतार मी बोलत उतरलो. अंहं. अंहं. थांब जरा. आता हं. कुणी ऐकलं असतं तर म्हातारा भ्रमला म्हटलं असतं. पण सुमन, किती दिवसांनी मी घराबाहेर कुणाशी तरी बोलत होतो!

उतारावर गिअर धरून ठेवायचं सर्किट अवघड नाही. ब्रेकच्या दिव्याची एक वायर आणि प्रोग्रॅमच्या चार ओळी, एका रविवारचं काम. सामान घरातच आहे.

ते मी करणार नाही. हा माझा शब्द. चढ डब्यानं चढावा. उतारावर मी बोलेन.

तुझेच,
अहो