चावून खाल्लेलं पाणी

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला असं धर). तुझा दमा कसा आहे ते सविस्तर कळव. त्याआधी एका कलिंगडाचा हिशेब ऐक. फळवाल्याने स्वस्तात दिलं म्हणून मी खुशीत होतो. प्रत्यक्षात ते केवढ्याला पडलं ते बघ: भिंगरीच्या पोटऱ्यांत गोळे, उलट्या, सिस्टरची बोलणी, आणि वर पोरीचा निकाल, "आजोबा, मी आता डायलिसिसला जाणार नाही म्हणजे नाही."

तुला ठाऊकच आहे, माझ्या या नातीच्या किडन्यांनी चौदाव्या वर्षीच राजीनामा दिला. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून रक्त धुवावं लागतं. ते चुकलं तर काय, हे मी लिहीत नाही. मुलगा-सून नोकरीला, म्हणून ने-आण माझ्याकडे. पंप दुरुस्त करत मोठा झालेला माणूस मी. त्या खोलीतली यंत्रं मला आवाजावरून ओळखू येतात. (माणसंही येतात. "आजोबा फार बोलतात" हे पडद्यामागून ऐकलं आहे.) आणि सांगायला हरकत नाही, माझा हात हातात असल्याशिवाय पोर त्या खुर्चीत टिकतच नाही.

तर पाणी मोजून द्यायचं, असा हुकूम. तिला लघवी होत नाही, प्यायलेलं अंगातच साठतं. मी बाटल्या कपाटात कोंडल्या, किल्ली खिशात ठेवली. थेंब जास्त दिला नाही. पण तिचे सुकलेले ओठ बघवेनात. म्हणून कलिंगड दिलं, चघळायला बर्फ दिला, सूप दिलं. माझा आपला सरळ हिशेब: पितात ते पाणी, चावतात ते अन्न. (सूप? ते चमच्याने खातात.) वजनकाट्याला हे पटलं नाही. साठलेलं सगळं यंत्राला घाईघाईने ओढावं लागलं, रक्तदाब घसरला, पोर पांढरीफटक. मी मात्र तंत्रज्ञाला सुनावत होतो, "तुमचा पंप बिघडलाय, घरघरतोय." तो म्हणाला, "काका, ते पलीकडचे पेशंट घोरतायत."

सिस्टरने घरचं खाणं विचारलं, मी अभिमानाने सांगितलं. "अहो आजोबा, तुम्हीच बुडवताय की तिला!" म्हणाली. मग शांतपणे समजावलं: मीठ कमी करा, तहान कमी लागेल, घरी कमी साठलं की इथे हळूहळू काढता येतं. डॉक्टरांनी वेळ जरा वाढवली, यंत्रातलं द्रावण थोडं गार ठेवायला सांगितलं, बसल्या बसल्या मारायला पेडल दिलं. भिंगरी म्हणाली, "एकदाच येईन. गोळे आले तर पुन्हा नाव काढायचं नाही."

तेव्हापासून मीही अळणी जेवतो. मुलगा-सून उशिरा येतात, पोर दमून झोपते. टेबलावर मी आणि भाजी, दोघेही बेचव. बोलायचं तर फ्रिजशी. त्याचा आवाज बिघडलाय, निदान त्याला तरी माझी गरज आहे.

तुझा धाकटा

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. महिनाभर राहायला ये. अळणी स्वयंपाकाला तुझा हात हवा, असं मी घरात सांगेन. खरं तर सून छान करते. मला जेवताना समोर कुणीतरी हवंय.

आणखी एक. काल सिस्टरने मला बाहेरच्या बाकावर बसवलं. भिंगरीने शेजारच्या मुलीशी गप्पा मारत पेडल मारलं. गोळे आले नाहीत. परवा पुन्हा जाणार म्हणते. माझा हात तिने मागितला नाही.